सिग्नल जनरेटर कोणता घ्यावा, त्याआधी त्याच्यापुढे काय जोडणार?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नाशिकजवळ द्राक्षबागांसाठी ठिबकचे व्हॉल्व्ह लांबून चालू-बंद करणारं यंत्र तुम्ही बनवता. आत ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला लोरा रेडिओ आहे, थोड्या पॉवरवर छोटे निरोप लांब पोचवणारा. टेबलावर सगळं ठणठणीत, बहुतेक बागांत दोन किलोमीटर आरामात जातं, पण तीन-चार ठिकाणी तीनशे मीटरवरच मान टाकतं. कुणीतरी सांगितलं की रिसीव्हर नीट तपासायचा तर व्हेक्टर सिग्नल जनरेटरच हवा, म्हणजे मोजलेल्या पातळीचा रेडिओ सिग्नल देणारी आणि त्याला हवा तो आकार चढवणारी पेटी. तुमच्याकडे तीन लाख आहेत, त्यात नवा व्हेक्टरवाला जेमतेम बसेल किंवा बसणारही नाही. दुसरीकडे एक जुना ॲनालॉग जनरेटर, म्हणजे साधी लहर देणारा, स्वस्तात मिळतोय. कोणता घ्यावा?

मी अठ्ठावीस वर्षं रिसीव्हरच्या बेंचवर काढली आहेत. आधी पोलीस आणि टॅक्सीवाल्यांचे व्हीएचएफ सेट, मग मोबाइलची उपकरणं, आता तुमच्यासारख्यांची छोटी यंत्रं. "कोणता जनरेटर?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, आणि दर वेळी उत्तर द्यायच्या आधी मी विचारतो की शोधायचं काय आहे. तुमच्या बाबतीत आकडेच बोलतात. दोन किलोमीटरचे तीनशे मीटर झाले, म्हणजे अंतर साधारण सात पटींनी घटलं. मोकळ्या हवेच्या हिशेबाने हा सोळा-सतरा डेसिबलचा घाटा झाला (दर दहा डेसिबलला पॉवर दहापट बदलते). जमिनीलगत, वेलींच्या मांडवातून जाताना अंतराची किंमत जवळपास दुप्पट मोजावी लागते, तेव्हा तो तीसच्या वरही असेल. तुम्ही अर्ध्या डेसिबलचा दोष शोधत नाही आहात, हत्ती शोधताय. महागड्या जनरेटरची किंमत ज्या बारीक अचूकतेसाठी असते तिची तुम्हाला आज गरज नाही.

एवढा मोठा घाटा पाडणारे माझ्या अनुभवात तीन संशयित असतात. एक, यंत्राच्या पोटातलाच गोंगाट. व्हॉल्व्हची कॉइल चालवायला तुम्ही बॅटरीचा व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर बसवला असणार, तो आपल्याच अँटेनात कचरा टाकतो. दोन, बाहेरचा कुणी बलाढ्य ट्रान्समीटर रिसीव्हरचे कान बधिर करतो. तीन, अँटेना आणि जागा: ओला पाला, लोखंडी अँगल, पंपाच्या पत्र्याच्या पेटीला चिकटवलेली अँटेना. तिसऱ्याचा जनरेटरशी काही संबंध नाही. पहिल्यासाठी तो अर्धा उपयोगी. दुसऱ्यासाठी मात्र त्याच्यावाचून इलाज नाही. पण सगळीकडे एकच दोष असता तर बहुतेक बागांत यंत्र चाललंच नसतं. तेव्हा माझी पैज दुसऱ्यावर आहे. त्याकडे सावकाश येतो, कारण आधी बेंच धड नसेल तर तिथे पोचूनही काही कळत नाही.

रिसीव्हरला किती बारीक सिग्नल द्यायचाय ते आधी बघू. खोलीच्या तापमानाला कुठल्याही रोधातून जो उष्णतेचा गोंगाट निघतो तो दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम (डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल). तुमचा लोराचा पट्टा १२५ किलोहर्ट्झचा, त्याचे ५१ डेसिबल मिळवा. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट ६ धरा. एसएफ १२ वर, म्हणजे सगळ्यात संथ पण सगळ्यात तिखट कानाच्या सेटिंगवर, लोरा गोंगाटाच्याही २० डेसिबल खालचा सिग्नल उचलतो, ते वजा करा. उत्तर येतं उणे १३७ डीबीएम. वेगवान एसएफ ७ वर हाच हिशेब उणे १२४ च्या आसपास थांबतो. व्होल्टेजमध्ये सांगायचं तर ५० ओहमवर उणे १०७ डीबीएम म्हणजे एक मायक्रोव्होल्ट, आणि उणे १३७ म्हणजे त्याचाही बत्तिसावा हिस्सा.

खरी गोम इथे आहे. जनरेटरच्या पडद्यावर उणे १३७ लिहून येणं सोपं, पण रिसीव्हरला नेमकं तेवढंच पोचणं अवघड. कारण जनरेटरच्या आतला ऑसिलेटर त्याच्या कोट्यवधी पट जोरात वाजत असतो. पेटीच्या फटींतून, पंख्याच्या जाळीतून, मेन्सच्या वायरीतून, स्वस्त केबलच्या विरळ जाळीतून तो थोडा थोडा झिरपतो, आणि शेजारी उघडा पडलेला तुमचा बोर्ड केबल सोडून तोच ऐकतो. तुम्ही ॲटेन्युएटर (सिग्नल मोजून कमी करणारा भाग) दहा डेसिबल खाली आणता, रिसीव्हर ढिम्म, अजून ऐकतोच आहे. नवखा माणूस खूश होतो, "काय संवेदनशील रिसीव्हर बनवलाय!"

याची परीक्षा एका मिनिटाची आहे. केबल रिसीव्हरपासून काढा, रिसीव्हरच्या तोंडाला ५० ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल गिळणारी टोपी) लावा, केबलच्या मोकळ्या टोकालाही लावा. तरीही पॅकेट येत असतील तर आजवर मोजलेलं सगळं कचऱ्यात. जनरेटर दोन लाखांचा असो की वीस लाखांचा, ही परीक्षा मी रोज सकाळी पहिल्यांदा करतो.

म्हणून तीन लाखांतले पहिले पैसे जनरेटरवर घालू नका. डब्यावर घाला. विकतचा शिल्डबॉक्स, म्हणजे रेडिओ लहरी अडवणारा धातूचा डबा, मिळाला तर उत्तम, नाहीतर फराळाचा पत्र्याचा मोठा डबाही चालतो. थट्टा करत नाही, माझा पहिला शिल्डबॉक्स चिवड्याचाच होता. झाकणाच्या कडेचा रंग खरवडायचा, पत्र्याला पत्रा सर्व बाजूंनी टेकेल अशी तांब्याची पट्टी किंवा जाळीची दोरी कडेने बसवायची, झाकण क्लॅम्पने आवळायचं. रेडिओ सिग्नलसाठी भिंतीतून एकच एसएमए (छोटा, आट्यांचा) कनेक्टर, भिंतीला चारी बाजूंनी घट्ट. बोर्ड बॅटरीवर चालवायचा. डब्यातून बाहेर येणारी यूएसबीची वायर म्हणजे अँटेनाच, सगळा खटाटोप एका वायरीने पाण्यात जातो. पॅकेटचा हिशेब बोर्डाच्याच मेमरीत ठेवा आणि झाकण उघडल्यावर वाचा. केबलसाठी आरजी-५८ नको. दुहेरी जाळीची आरजी-२२३ किंवा आरजी-४०० घ्या, पुण्यात बुधवार पेठेत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. विकत घेताना टोक सोलून जाळी दोन पदरी आहे का ते डोळ्यांनी बघा, छापील नावावर जाऊ नका.

आता हवा असलेला सिग्नल कुठून आणायचा? लोराचा सिग्नल म्हणजे पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत जाणारी शिट्टी. साध्या ॲनालॉग जनरेटरला ती वाजवता येत नाही. "व्हेक्टरच हवा" म्हणणाऱ्याचा मुद्दा हाच आणि तो खोटा नाही. पण ती शिट्टी वाजवणारी वस्तू तुमच्याकडे ढिगाने पडली आहे: तुमचंच यंत्र. त्यातलं एक चांगलं निवडा, त्याची फ्रिक्वेन्सी आणि पॉवर एकदा नीट मोजून घ्या, त्यावर लाल रंगाने खूण करा आणि ते कुणाला विकू नका. आमच्याकडे त्याला गोल्डन युनिट म्हणतात.

त्यातही एक खाच आहे. गोल्डन युनिट १४ डीबीएम सोडत असेल आणि तुम्हाला उणे १३७ पर्यंत जायचं असेल तर मध्ये १५१ डेसिबलचा अडसर हवा. चांगला घरगुती डबा साठ-सत्तर डेसिबल अडवेल. म्हणजे एका डब्याने भागत नाही, गोल्डन युनिटलाही स्वतंत्र डबा लागतो. मी काय करतो, तर गोल्डन युनिटची पॉवर सॉफ्टवेअरमधून शून्य डीबीएमपर्यंत उतरवतो आणि ३० डेसिबलचा ठोकळा ॲटेन्युएटर डब्याच्या आतच लावतो. मग डब्याबाहेर केबलमध्ये जातो तो उणे ३०, आणि तिथून पुढे झिरपलं तरी थोडंच झिरपतं. बाहेर पायऱ्यांचा ॲटेन्युएटर, त्याच्यानंतर रिसीव्हरच्या तोंडाशी आणखी एक १० डेसिबलचा ठोकळा. हा शेवटचा ठोकळा लोक उधळपट्टी समजतात. रिसीव्हरचा इनपुट कागदावर ५० ओहम असतो, प्रत्यक्षात क्वचितच. परतलेला सिग्नल केबलमध्ये मागेपुढे हेलकावे खातो आणि केबलची लांबी बदलली की मोजमाप एक-दीड डेसिबल इकडेतिकडे होतं. ठोकळा ते हेलकावे गिळून टाकतो.

पॅकेट मोजण्याबद्दल थोडक्यात. शंभर पॅकेट पाठवून "एक टक्का चूक" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. एक टक्क्याच्या आत आहोत असं जरा खात्रीने म्हणायलाही सलग तीनशे पॅकेट एकही न चुकता यावे लागतात. एसएफ १२ चं एक छोटं पॅकेट सव्वा-दीड सेकंद खातं, हजार पॅकेटना पंचवीस मिनिटं. तुम्ही हत्तीच्या मागे आहात, तेव्हा दहातला एक चुकतो ती पातळी शोधा, शंभर-दोनशे पॅकेटमध्ये काम होतं. लोराचा कडा सरळसोट आहे, सगळी येतात इथपासून एकही येत नाही इथपर्यंत दोन-तीन डेसिबलचाच प्रवास.

इथपर्यंत जनरेटर लागलाच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आता लागतो.

आपल्याकडे लोराचे नेहमीचे तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. त्याच्या लगोलग वर, ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ, मोबाइलच्या ८५० पट्ट्यातल्या टॉवरची फोनकडे बोलण्याची जागा. मध्ये जेमतेम तीन-चार मेगाहर्ट्झचं कुंपण. युरोपातल्या ८६८ च्या पट्ट्यासाठी आखलेला एखादा नमुना-बोर्ड जसाच्या तसा उचलून आपल्याकडे लावला की हे कुंपण कुणाच्या ध्यानातच येत नाही, कारण तिथे हा मोबाइल पट्टा त्या जागी नाही.

टॉवरवर एका सेक्टरला २० वॅट सोडले आणि अँटेनाने ते एका दिशेला पन्नास पटींनी एकवटले, तर दोनशे मीटरवर थेट झोतात तुमच्या अँटेनाला उणे १५ ते उणे २० डीबीएम मिळू शकतो. झोताच्या खाली, बागेच्या उंचीला, तो बराच कमी होतो. आपण उणे ३० धरू. तुमचा स्वतःचा सिग्नल उणे १२० चा. म्हणजे शेजारचा पाहुणा तुमच्यापेक्षा ९० डेसिबल मोठ्याने बोलतोय. स्वस्त रिसीव्हर चिपच्या आधी फिल्टर नसेल तर पुढचा ॲम्प्लिफायरच दबतो, ऐकू येणं कमी होतं. यालाच ब्लॉकिंग म्हणतात.

बेंचवर हे उभं करायचं तर हवा असलेला सिग्नल गोल्डन युनिटकडून, आणि पाहुणा जनरेटरकडून. दोन्ही एकत्र करायला लोक तीन रोधांचा कम्बायनर लावतात. चालतो, पण जनरेटरचा जोर गोल्डन युनिटच्या तोंडात मागून शिरतो. माझी आवडती जोडणी म्हणजे २० डेसिबलचा डायरेक्शनल कपलर. पाहुणा सरळ वाटेने, आपला सिग्नल कपलरच्या बाजूच्या वाटेने. आपला सिग्नल तर बारीकच हवा असतो, त्याचे २० डेसिबल गेले तरी हवेच होते. शिवाय दोन्ही उगम एकमेकांपासून वेगळे राहतात.

आधी पाहुणा बंद ठेवून संवेदनशीलतेची पातळी काढा. आपला सिग्नल त्याच्या तीन डेसिबल वर ठेवा, म्हणजे पॅकेट निवांत येतील. मग जनरेटर ८७२ मेगाहर्ट्झवर लावून साधी, मॉड्युलेशन नसलेली लहर हळूहळू वाढवत न्या. पॅकेट पुन्हा चुकायला लागली ती पातळी लिहा. मग ८८०, मग ८९०, आणि खालच्या बाजूला ८५५ सुद्धा. तिन्ही चॅनेलवर करा. आलेख काढला की तुमच्या रिसीव्हरचा स्वभाव कळतो: दूर गेल्यावरही लवकर कोसळत असेल तर पुढचा ॲम्प्लिफायर दबतोय, फक्त जवळच कोसळत असेल तर गोष्ट निराळी.

आणि जनरेटर निवडायचा प्रश्न खरा सुटतो तो इथे. पाहुण्याच्या भूमिकेतल्या जनरेटरकडून एकच गुण हवा, शुद्धता. कुठलाही जनरेटर फक्त ८७२ वर वाजत नाही, त्याच्या आजूबाजूला गोंगाटाचा घागरा असतो, फेज नॉइजचा. समजा पाच-सहा मेगाहर्ट्झ लांब तो घागरा लहरीपेक्षा दर हर्ट्झला १३० डेसिबल खाली आहे. लहर उणे ३० डीबीएम, म्हणजे तुमच्या ८६६ च्या जागी गोंगाट पडला उणे १६० चा. तुमच्या रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट उणे १६८ चा. म्हणजे जनरेटरनेच तुमच्या चॅनेलवर आठ डेसिबल जास्त चिखल ओतला आणि रिसीव्हर बिचारा आठ-साडेआठ डेसिबलने बहिरा दिसला. दोष जनरेटरचा, खापर रिसीव्हरवर. तोच घागरा उणे १५० चा असता तर परिणाम पाव डेसिबलचा, कुणाच्या लक्षातही आला नसता.

स्वस्त एसडीआर बोर्ड (सॉफ्टवेअरने चालणारे रेडिओ), हॅकआरएफ किंवा प्लूटोसारखे, इथेच मार खातात. हवा असलेला सिग्नल बनवायला ते छान आहेत, लोराची शिट्टीसुद्धा वाजवतात. पण जोरकस, स्वच्छ पाहुणा म्हणून नाही. याउलट सत्तर-ऐंशीच्या दशकातले काही ॲनालॉग जनरेटर या एका बाबतीत आजही मान ताठ ठेवतात. एचपी ८६४०बी चं नाव जुने लोक अजून आदराने घेतात, कारण त्यात पोकळीचा यांत्रिक ऑसिलेटर आहे आणि त्याचा घागरा फार तोकडा. पण त्याची मूळ मर्यादा ५१२ मेगाहर्ट्झ, डब्लर (फ्रिक्वेन्सी दुप्पट करणारा भाग) असलेला असेल तरच तुमच्या पट्ट्यात पोचतो. शिवाय त्यातले प्लास्टिकची दातेरी चक्रं चाळीस-पन्नास वर्षांनी तडकतात. जुनं ते सोनं खरं, पण हे सोनं दुरुस्त करत बसायची हौस असेल तर.

तुमच्या जनरेटरचा घागरा पुरेसा तोकडा आहे का, हे महागड्या उपकरणाशिवायही कळतं. पाहुण्याच्या वाटेत असा फिल्टर टाका जो ८७२ जाऊ देतो आणि ८६५ अडवतो. जुन्या वायरलेस रिपीटरचा कॅव्हिटी (धातूच्या पोकळीचा) फिल्टर भंगारात मिळतो, तो जुळवून घेता येतो. फिल्टरमुळे लहर जेवढी घटली तेवढी जनरेटरवरून वाढवून घ्या आणि पुन्हा मोजा. पॅकेट चुकण्याची पातळी तीच राहिली तर तुमचं मोजमाप खरं. पाहुणा आता आणखी दहा डेसिबल सहन होत असेल, तर आधी तुम्ही जनरेटर तपासत होता. मी स्वतः एकदा तीन आठवडे एका ग्राहकाचा फ्रंट-एंड (रिसीव्हरचा पुढचा भाग) बदलत बसलो होतो, तीन वेगळे ट्रान्झिस्टर, दोन नवे बोर्ड, आणि दर वेळी आकडा तोच. आकडा हलत नाही म्हणजे मी रिसीव्हर मोजतच नाही, हे सुचायला तीन आठवडे लागले.

एक कबुली. खरा टॉवर साधी लहर सोडत नाही. त्याचा सिग्नल अनेक मेगाहर्ट्झ रुंद आणि वाहतुकीप्रमाणे चढउतार करणारा. साध्या लहरीने मिळालेला आकडा त्यापेक्षा काही डेसिबल वेगळा येऊ शकतो. इथे व्हेक्टर जनरेटरची खरी गरज आहे. पण शेवटच्या टप्प्यावर, उपाय करून झाल्यावर, खात्रीसाठी. तेव्हा दोन दिवस भाड्याने आणा, किंवा यंत्र घेऊन प्रयोगशाळेत जा. मुंबईत समीर ही सरकारी संशोधन संस्था आहे, अंधेरीला ईआरटीएल ही सरकारी चाचणी प्रयोगशाळा आहे. तुम्हाला वायफाय, ब्लूटूथ किंवा मोबाइल मॉडेम स्वतः डिझाइन करायचा असता, किंवा रोज पाचशे बोर्ड तपासून बाहेर काढायचे असते, तर माझा सल्ला सरळ उलटा असता.

आता जुना जनरेटर घ्यायचाच तर काय बघायचं. पहिलं, पातळी कशात लिहिली आहे. जुन्या ब्रिटिश जनरेटरवर, विशेषतः मार्कोनीच्या, मायक्रोव्होल्टचा आकडा ईएमएफमध्ये असू शकतो, म्हणजे भार न जोडता. ५० ओहमचा रिसीव्हर जोडला की प्रत्यक्षात निम्मा व्होल्टेज मिळतो, सहा डेसिबलचा फरक. दोन बेंचवर एकाच सेटचे दोन निकाल का येतात म्हणून भांडणारे तंत्रज्ञ मी पाहिलेत, दोघेही बरोबर होते.

दुसरं, ॲटेन्युएटरच्या पायऱ्या. आतले रिले किंवा संपर्क झिजलेले असतात. स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) लावून दहा-दहा डेसिबलने खाली या. प्रत्येक पायरीला दहाच पडले पाहिजेत. एखाद्या ठिकाणी सात किंवा चौदा पडले तर तिथला संपर्क गेलेला. तिसरं, कव्हरचे सगळे स्क्रू आहेत का. हसू नका. विकणाऱ्याने आत डोकावताना काढलेले सहा स्क्रू परत लावलेले नसतात आणि मघाची झिरपण तिथूनच होते. फ्रिक्वेन्सीची फार काळजी करू नका. जुना क्रिस्टल एक पीपीएमने (दहा लाखांत एक भाग) सरकला तर तुमच्या पट्ट्यात साडेआठशे-नऊशे हर्ट्झ, पाहुण्याच्या कामाला त्याने काही बिघडत नाही. साडेबारा किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलचे एफएम सेट तपासणाऱ्याला मात्र तो त्रास देतो.

चौथं, उलट्या पॉवरपासून संरक्षण आहे का आणि ते जिवंत आहे का. हे माझ्या अंगावर आलेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका दुरुस्ती केंद्रात आमच्या हाताखालच्या मुलाने २५ वॅटचा व्हीएचएफ सेट जनरेटरला जोडलेला असताना सवयीने माइकचं बटण दाबलं. "हॅलो, हॅलो" एवढंच म्हणाला. जळक्या रेझिनचा वास आला, आणि ॲटेन्युएटरचे शेवटचे दोन ठोकळे काळेठिक्कर. मालक त्याच्यावर ओरडले. चूक माझी होती, कारण मध्ये ५० वॅटचा पॉवर ॲटेन्युएटर लावायचा नियम मीच टाळला होता. तुमचं यंत्र पॅकेट मिळालं की पोच म्हणून उलट ट्रान्समिट करतं, बटण दाबायला माणूसही लागत नाही. पॉवर थोडी आहे, त्यामुळे बहुतेक काही जळणार नाही. पण चाचणीपुरती ती पोच सॉफ्टवेअरमधून बंदच करा, नाहीतर एसडीआरचा नाजूक पोर्ट एक दिवस मुका होईल.

आणि जनरेटरला अँटेना लावून शेतात "रेंज बघायला" जाऊ नका. तुमच्या यंत्राला विनापरवाना पट्ट्याची मुभा आहे, ८७२ वर लहर सोडणाऱ्या जनरेटरला नाही. जुन्नर-नारायणगावकडे तर अजिबातच नको, खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी कान लावून बसल्या आहेत.

मोजून झालं आणि ब्लॉकिंगच निघालं, तर उपाय तसे मोजकेच. अँटेना आणि चिपच्या मध्ये सॉ फिल्टर, ठरावीक पट्टाच आत सोडणारा छोटा भाग. तो दोन-तीन डेसिबल खातो, म्हणजे टॉवर नसलेल्या शांत बागांत तुमची रेंज थोडी घटणार. मी तरीही लावतो, कारण तक्रारी शांत बागांतून येत नाहीत. पण फिल्टर निवडताना त्याचा ८६९ च्या वरचा उतार बघा, नुसती नावातली मधली फ्रिक्वेन्सी बघू नका. तीन मेगाहर्ट्झच्या कुंपणात धारदार पडणारा स्वस्त फिल्टर मिळणं कठीण, म्हणून सगळ्यात खालचा चॅनेल, ८६५.०६२५, अडचणीच्या जागी राखून ठेवा. आणि टॉवरच्या स्वतःच्याच घागऱ्याचा गोंगाट तुमच्या चॅनेलवर पडत असेल तर तुमच्या बाजूचा कुठलाच फिल्टर त्याला अडवू शकत नाही. तिथे अँटेनाची जागा किंवा दिशा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

तुमच्या तीन लाखांचं मी असं करेन: दोन डबे, चांगल्या केबली, ठोकळे, पायऱ्यांचा ॲटेन्युएटर आणि कपलर आधी. मग दोन-तीन गिगाहर्ट्झपर्यंतचा, फेज नॉइजचा आकडा कागदावर स्पष्ट दिलेला, कॅलिब्रेशन करून मिळणारा वापरलेला ॲनालॉग जनरेटर. तुम्हाला मिळतोय तो ८९० मेगाहर्ट्झपर्यंत पोचत असेल आणि वरच्या परीक्षांत पास होत असेल तर तोच. उरलेले पैसे व्हेक्टरच्या भाड्यासाठी बाजूला.

पण चेक लिहिण्याआधी दोन गोष्टी करा, दोन्ही जवळपास फुकट. बिघडलेल्या बागांचे गेटवेचे (व्हॉल्व्हशी बोलणाऱ्या मुख्य यंत्राचे) लॉग काढा आणि बघा, बंद पडतं ते दोन्ही दिशांना की एकाच. व्हॉल्व्हकडून आलेला निरोप गेटवेला नीट ऐकू येतोय पण गेटवेचा हुकूम व्हॉल्व्हला ऐकू येत नाही, असं असेल तर व्हॉल्व्हजवळचा रिसीव्हर बहिरा होतोय. मग फक्त दोन शक्यता उरतात, टॉवर किंवा तुमचाच कन्व्हर्टर. कन्व्हर्टर बंद ठेवून एकदा ऐकून बघा, म्हणजे तीही एक कटेल. दोन्ही दिशा सारख्याच मेल्या असतील तर अँटेना आणि जागा आधी बघा. दुसरं, खेळण्याएवढा स्वस्त स्पेक्ट्रम ॲनालायझर, टायनीएसएसारखा, घेऊन त्या जागी उभे राहा आणि तुमचीच अँटेना लावून ८६९ ते ८९४ बघा. पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. १०० किलोहर्ट्झच्या खिडकीतून पाच मेगाहर्ट्झ रुंद सिग्नलचा पन्नासावाच भाग दिसतो, म्हणून १७ डेसिबल मिळवा. उणे ५० दिसला तर प्रत्यक्षात उणे ३३ आहे.

या दोन्हींचे निकाल, शिवाय चिपच्या आधी फिल्टर आहे की नाही आणि कन्व्हर्टर किती किलोहर्ट्झवर चालतो, एवढं इथेच खाली लिहा. मग त्या जुन्या जनरेटरचा मॉडेल नंबर सांगा, घ्यायचा की नाही ते बघू.